हाडाचा निकाल

मोतुपला लांडगे आवडायचे नाहीत. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे आमच्या लुंगमार गावात लोक उलटंच बोलू लागले. त्याच्याकडे पश्मिना बकऱ्या होत्या, थोड्या मेंढ्या होत्या. ज्याच्या गोठणीत बकऱ्या आहेत त्याला लांडगा आवडेल कसा?

लहानपणी तो बापाबरोबर गावाच्या वरच्या खड्ड्याशी जायचा. दगडी खड्डा होता, भिंती वरून आत झुकलेल्या. आत एखादी म्हातारी बकरी सोडायची. लांडगा उडी मारून आत जायचा आणि मग त्याला बाहेर येता यायचं नाही. सगळं गाव दगड घेऊन कडेला उभं राहायचं. मोतुपनेही दगड मारले होते.

मग एका वर्षी मोठे लामा, रिन्पोछे, आले. त्यांच्या सांगण्यावरून गावाने खड्ड्याची एक भिंत फोडली. त्याच दगडांचा छोर्तेन, म्हणजे स्तूप, बांधला. घरटी एकाने छोर्तेनला हात लावून शपथ घेतली की यापुढे लांडगा मारणार नाही. मोतुपचा बाप तेव्हा अंथरुणाला खिळला होता, म्हणून घरातून मोतुप गेला. त्या शपथेनंतर त्याच्या किती बकऱ्या गेल्या असतील, पण त्याने लांडग्यावर हात टाकला नाही. तो शब्दाला जागणारा माणूस होता. त्याच्यात सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं. बोलायचा कमी, जवाची छांग प्यायला तर लगेच झोपायचा.

शपथ मोडणार नाही असा माणूस म्हणूनच लेहच्या डॉक्टर निल्झाला त्याचं नाव कुणीतरी सुचवलं. निल्झा लांडग्यांचा अभ्यास करायची. मोतुपने डोंगरातून लांडग्यांची विष्ठा शोधायची, काडीने कागदी पिशवीत भरायची, कुठे मिळाली ते सांगायचं. एवढंच काम. गावात दुकान चालवणारा नुरबू यावर फार खूश होता.

"मोतुप, आज काय भाव?" तो दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा. "ताजी आहे की वाळलेली?"

"तुझ्या बिस्किटांपेक्षा ताजी आहे," मोतुपची बायको छोरोल परस्पर उत्तर द्यायची. मोतुप नुसता हसायचा. घरात जीभ एकटीलाच होती, आणि ती दोघांना पुरायची.

खाली मैदानात रस्त्याच्या कामाचा कॅम्प पडला तेव्हापासून दिवस बदलले. कॅम्पाच्या स्वयंपाकघरामागे भात, रोट्या, हाडं यांचा ढीग पडायचा. त्यावर कुत्री पोसली गेली. पिवळी, रुंद छातीची. बर्फ पडून कॅम्प बंद झाला की ती उपाशी वर यायची. लांडगा माणूस दिसला की निघून जातो. कुत्रं माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं असतं. त्याला माणसाचं भय नसतं, आणि उपासमारीत प्रेमही राहत नाही.

या दोघांच्या संकरातून जो होतो त्याला आमच्याकडे खिबशांग म्हणतात. अंगात लांडग्याचं बळ आणि डोळ्यात कुत्र्याचा धीटपणा. शेजारच्या खोऱ्यात खिबशांगांच्या टोळीने एका मेंढपाळाची मांडी फाडली होती. तो वाचला, पण पुन्हा डोंगरात गेला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मोतुपला वरच्या उतारावर एक गुहा सापडली. दाराशी राखाडी लांडगी होती. त्याला पाहताच ती कड्याआड गेली. खालच्या खडकावर मात्र एक पिवळा नर बसला होता. तो उठलाही नाही. आत तीन पिल्लं कुईकुई करत होती. चौथं बाहेर मरून पडलेलं होतं. त्याचं मांस कावळ्यांनी खाल्लं होतं, नुसती हाडं राहिली होती.

मोतुपने ते गावात सांगितलं. लपवणं त्याला जमणारं नव्हतं. संध्याकाळी गोबाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या घरी सगळे जमले.

"पिवळा राखणीला बसला होता म्हणतोस," नुरबू म्हणाला. "मग आणखी काय बघायचंय? पिल्लं खिबशांग आहेत. गुहेचं तोंड दगडांनी बंद करा. आत्ताच. मोठी झाली की आपली तोंडं बंद होतील."

"शपथ आहे," मोतुप म्हणाला.

"शपथ लांडग्याची आहे. खिबशांगाची कुणी घेतली होती?"

"आणि ती लांडगेच असली तर?"

"तर तुझं बरंच आहे. लांडग्याने बकरी नेली की सरकार भरपाई देतं, कुत्र्याने नेली की हात वर. तुला लांडगाच हवा असणार."

छोरोल बायकांमध्ये बसली होती. "नुरबू-ले," ती मानाचा ‘ले’ लावून म्हणाली, "आमच्या बकऱ्या तुझ्या उधारीवर चरत नाहीत." लोक हसले. गोबा हसला नाही. तो म्हातारा होता आणि त्याला निर्णय लांबवायला आवडायचं.

"लेहच्या त्या मुलीला विचार," तो मोतुपला म्हणाला. "ती तपासते ना? ती सांगेल ते गाव मानेल."

मोतुपने मेलेल्या पिल्लाच्या मांडीचं हाड स्वच्छ कागदात गुंडाळलं आणि लेहला जाणाऱ्या गाडीबरोबर धाडलं.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. हाड बापाचं, मांस आईचं. लुंगमारमध्ये हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. मूल जन्मलं की त्याच्या अंगातलं रक्तमांस आईकडून येतं आणि हाड बापाकडून. एका हाडाच्या मुलामुलीचं लग्न होत नाही. कुणी परका आला तर म्हातारे आधी विचारतात, तुझं हाड कुठलं? मोतुपने निल्झाला हाड पाठवलं तेव्हा त्याच्या मनात शंका नव्हती. मांस उरलं नव्हतं, हे त्याला उलट बरंच वाटलं. आई कोण हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रश्न बापाचाच होता, आणि बाप हाडात असतो.

फोन लागायचा तो फक्त गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, वरच्या धारेवर. मोतुप रोज बकऱ्या घेऊन तिकडूनच जायला लागला. पिल्लं गुहेबाहेर येऊन खेळू लागली होती तेव्हा कुठे निल्झाचा आवाज आला.

"आचो मोतुप, तुमच्या हाडाचा निकाल आला."

"माझ्या? मी अजून जिवंत आहे, नोमो." आमच्याकडे धाकट्या बहिणीला नोमो म्हणतात, थोरल्या भावाला आचो.

ती हसली. तिला घाई होती, पण ती आनंदात होती. "पिल्लू लांडग्याचं आहे. आपल्या इथल्या लांडग्याचं. ही फार जुनी शाखा आहे, आचो. जगातले बाकी सगळे लांडगे एकमेकांपासून वेगळे व्हायच्या आधी ही वेगळी झाली, असं दिसतं. तुमचं हाड आमच्यासाठी सोनं आहे."

"हाडातूनच कळलं ना?"

"हाडातूनच. छान हाड होतं. अजून एक मोठी चाचणी व्हायची आहे, तिला वेळ लागेल."

मोठी चाचणी कशाला, असं मोतुपला वाटलं. हाड बोललं होतं. पण शिकलेल्या माणसांना एकदा ऐकून पुरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी गोबाच्या घरी तो एवढंच म्हणाला, "हाड लांडग्याचं आहे. फार जुन्या लांडग्याचं."

कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे बाप लांडगा," एक म्हातारी म्हणाली आणि तिने जपमाळ पुन्हा हातात घेतली.

"मग तो पिवळा कोण होता?" नुरबूने विचारलं. "पाहुणा?"

"तुझ्या दुकानात बसतात तसला," छोरोल म्हणाली. "काम ना धाम, दारात ठाण."

नुरबूलाही हसू आलं. गोबाने शपथ लागू आहे असं सांगितलं. गुहेला कुणी हात लावायचा नाही. मोतुप त्या रात्री बायकोशी बराच वेळ बोलत बसला. आपल्यामुळे तीन जीव राहिले, असं तो म्हणाला. हे छोरोलने नंतर शेजारणीला सांगितलं होतं. तिला त्याचं हसू आलं होतं आणि कौतुकही वाटलं होतं.

पिल्लं वाढली. दोन राखाडी, एक पिवळसर. पिवळसर रंगाचं मोतुपला काही वाटलं नाही. उन्हाळ्यात लांडग्याची लोकर विटते, त्याने पाहिलेलं होतं. लांडगी शिकार करून आणायची आणि माणसाची चाहूल लागली की नाहीशी व्हायची. पिल्लं जायची नाहीत. कान उभे करून बघत राहायची. मग ती खाली कॅम्पाकडे जायला लागली. शरदात तर ती संध्याकाळी कॅम्पाकडून वर येताना दिसायची, घरी परतावं तशी.

"परवा मी बुर्त्से उपटत होते," एकदा छोरोल चुलीपाशी म्हणाली. चुलीत जाळायला आमच्याकडे हेच एक झुडूप. "मान वर केली तर तिघं समोर बसलेले. पंगतीला बसतात तसे."

"दगड मारायचास."

"मारला. त्यातल्या एकाने उठून तो हुंगला."

मोतुप थुक्पा ढवळत राहिला. "अजून पोरं आहेत. भीती मागून येते."

"कुणाला?"

"त्यांना गं."

"मोतुप, मला ती नजर आवडली नाही. दुकानासमोरची कुत्री बघतात तशी होती."

"हाड लांडग्याचं आहे, छोरोल."

"बरं बाबा. तुझं हाड खरं."

त्यानंतर गावच्या बायका वरच्या उतारावर एकट्या जाईनाशा झाल्या. चौघीजणी मिळून खालच्या ओढ्याकाठी जायच्या. तिथलं बुर्त्से कधीच संपत आलं होतं. छोरोल मात्र वरच जात राहिली. शेजारीण तिला म्हणाली, आमच्याबरोबर चल. तेव्हा छोरोल म्हणाली, "मी आले तर लोक म्हणतील, मोतुपच्या बायकोलाच त्याच्या हाडाचा भरवसा नाही." तिने हे हसत सांगितलं. शेजारणीने ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

ज्या दिवशी ती परतली नाही त्या दिवशी ऊन होतं. वारासुद्धा नव्हता. मोतुप बकऱ्या घेऊन दुसऱ्या अंगाला होता. नुरबूला वर काहीतरी हलताना दिसलं आणि तो दुकान उघडं टाकून पळत सुटला. धिप्पाड माणूस, चार पावलं चालला तरी धापा टाकणारा, तो सगळा चढ पळत चढला. त्याने दगड मारून त्यांना हाकललं. फार लांब ती गेली नाहीत. त्याने आपला कोट काढून तिच्यावर घातला आणि मोतुप येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

तिची टोपली भरलेली होती.

त्यांची लेक जम्मूला असायची, तिला फोन करायचा होता. मोतुप धारेवर गेला, फोन हातात धरून उभा राहिला आणि तसाच परत आला. शेवटी गोबाने फोन केला.

अंत्यविधी घरच्या माणसांनी करायचा नसतो. ते काम नात्यात बांधलेली दुसरी घरं करतात. मोतुप घरात बसून राहिला. लामांचं पठण चालू होतं. कुणी त्याला दोष दिला नाही. रोज सकाळी नुरबू दुधाची बरणी दाराशी ठेवून जायचा.

निल्झा आली तेव्हा पठण संपलं होतं. ती चुलीजवळ बसली, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.

"आचो," ती म्हणाली, "वहिनींची शाल मिळेल का? दात लागले तिथे लाळ असेल. कोणता प्राणी होता ते त्यातून कळेल."

मोतुपने शाल आणून दिली. घडी केलेली होती.

"यातून बाप कळेल?"

"दोन्ही कळतील. या वेळी आम्ही पूर्ण चाचणी करणार."

"हाडातून कळला होता तसाच?"

निल्झाने पेला खाली ठेवला. "हाडातून बाप नव्हता कळला, आचो. हाडातून आम्ही जो धागा काढला तो फक्त आईकडून पिल्लात येतो. आईच्या आईकडून, तिच्या आईकडून. तो लांडग्याचा निघाला. बापाचं त्यात काहीच नसतं."

"हाडात आई कशी असेल?"

त्याने हे साधेपणाने विचारलं. निल्झाची आजीही हेच सांगायची. हाड बापाचं, मांस आईचं. तिने ते लहानपणी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी फोनवर तिला ते आठवलं नव्हतं. आता आठवलं, आणि तिचा चेहरा पडला.

"प्रत्येक कणात दोघंही असतात," ती हळू म्हणाली. "हाडात, मांसात, केसात. पण पहिल्या चाचणीत आम्ही आईचाच धागा वाचतो. तो काढायला सोपा. जुना आहे म्हणाले ना मी, ते त्याच धाग्याबद्दल. त्यावरूनही वाद आहेत. काही जण म्हणतात हा वेगळाच प्राणी आहे, याला वेगळं नाव द्या. काही म्हणतात, आईचा धागा जुना दिसतो, पण बाकी सगळं वाचलं की हा एवढा वेगळा राहत नाही. आणि इथली कुत्रीसुद्धा... या उंचीवर श्वास घ्यायची ताकद त्यांना फार पूर्वी लांडग्यांकडूनच मिळाली, असं काहींचं म्हणणं आहे."

"मग रेघ कुठे आहे?"

"तेच आम्ही शोधतोय, आचो."

मोतुपने मान हलवली. "तू मला सांगितलं होतंस. मोठी चाचणी राहिलीय म्हणून."

"हो, पण..."

"मी विचारलं नाही."

ती रडायला लागली. मोतुपने तिच्या पेल्यात चहा ओतला. पाहुण्याचा पेला रिकामा ठेवायचा नसतो.

ती गेल्यावर गोबा आणि नुरबू आले. नुरबूच्या हातात पुडी होती. पुडीत काय आहे हे कुणी बोललं नाही.

"शपथ लांडग्याची होती," गोबा म्हणाला. "ते लांडगे नव्हते. तुझ्यावर जोर नाही. पण वाटा तुला माहीत आहेत."

मोतुप उठला आणि गोठणीतून आपली एक मेंढी घेऊन आला. त्याने ती स्वतःच मारली. पुडी फोडून विष स्वतःच मांसात चोळलं. तिघं कुठून वर येतात, कुठे थांबतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मेंढी त्याने त्या वाटेवर टाकली आणि वरून थोडा पाला सारला. हात नुकत्याच पडलेल्या पहिल्या बर्फाने घासून तो घरी आला.

सकाळी तो एकटाच वर गेला. मेंढीपासून थोड्या अंतरावर राखाडी लांडगी पडली होती. पाय ताणलेले, दात आवळलेले. म्हातारी होती. एक सुळा तुटलेला होता. भोवतीच्या बर्फात तिच्याखेरीज दुसऱ्या जनावराचं पाऊल नव्हतं.

त्याला उशिरा कळलं, पण कळलं. त्या तिघांना थंड मेंढी कशाला हवी असेल? त्यांना खाली गरम भात मिळत होता. मेलेल्या जनावरावर यायची गरज फक्त तिला होती.

खालून गोबाने हाक मारली, "कोण सापडलं?"

"आई," मोतुप म्हणाला.

गोबा वर चढून आला. मग म्हणाला, जाळायला हवं. नाहीतर गिधाडं खातील आणि तीही मरतील. एवढं जाळायला डिझेल लागेल. ते कॅम्पात मिळेल.

मोतुप डबा घेऊन खाली गेला. स्वयंपाकघरामागे झारखंडचा आचारी मोठं पातेलं घासत होता. त्याच्याजवळ उन्हात तिघं पसरली होती. दोन राखाडी आणि एक पिवळसर. मोतुपला पाहून पिवळसर उठलं, जवळ आलं आणि त्याने त्याचा हात हुंगला. मोतुप हलला नाही.

"घाबरू नका दादा, काही करत नाही तो," आचारी म्हणाला. "मी बोटाने रोटी भरवतो त्याला. वरच्या गावात कुणा बाईला लांडग्यांनी मारलं म्हणतात, खरं का हो?"

"हो."

"बापरे! बरं झालं, ही आहेत इथे. राखण होते. कसली जात आहे हो ही? आमच्याकडे असली कुत्री कधी पाहिली नाहीत."

मोतुपने डबा पुढे केला. "मला नाही कळत त्यातलं," तो म्हणाला. "डिझेल द्या."

आचाऱ्याने डबा भरून दिला. मोतुप चढाला लागला. थोडं अंतर पिवळसर त्याच्या मागोमाग आलं. मग आचाऱ्याने भांडं वाजवलं, तसं ते वळून धावत परत गेलं.